हिंगणे, केडगाव आणि पुसद नाका

नववीच्या वर्गाला मी एकदा वाकाटक शिकवत होते. वाशीमच्या शाळेत वाकाटक शिकवणं म्हणजे तसं सोपं काम. "मुलांनो, आपण बसलोय ना, तेच हे वत्सगुल्म," असं म्हटलं की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात. १९३९ साली याच गावात विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला आणि वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती, हे पक्कं झालं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा मोठा लेख आहे. त्यात या घराण्याची वंशावळ दिली आहे. त्यातला एक राजा आठ वर्षांचा असताना गादीवर आला आणि त्यानं राज्य चांगलं चालवलं, असं तो लेख सांगतो. त्या राजाचं नाव मात्र लेखातून नाहीसं झालं आहे.

एवढं मी सांगितलं आणि एका मुलीनं विचारलं, "बाई, मग त्याची आई कुठं राहत होती?"

वर्ग हसला. मीही हसले, पण उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मग मी त्यांना प्रभावतीगुप्तेची गोष्ट सांगितली. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेत, नंदिवर्धनच्या रुद्रसेनाला दिलेली. नवरा गेला तेव्हा मुलं लहान होती. तिनं त्यांच्या वतीनं कारभार पाहिला, आणि पुण्यात सापडलेल्या ताम्रपटात ती स्वतःची ओळख युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून करून देते. नंदिवर्धन म्हणजे आजच्या रामटेकजवळचं नगरधन. पाठीशी गुप्तांचं साम्राज्य असलेल्या बाईला भाड्यानं खोली शोधावी लागत नाही, हा भाग वेगळा.

मुलीचा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आले. कारण तो मला नवा नव्हता. एकट्या बाईनं मुलांना घेऊन गाव बदलायचं ठरवलं, तर तिनं राहायचं कुठं? कुठल्या घरात, एवढंच नाही. कुठल्या वस्तीत, कोणाच्या शेजारी, शाळेपासून किती लांब? इतिहासाच्या पुस्तकांत राजधान्या हलवल्याच्या तारखा असतात. ही हलवाहलव त्यांत क्वचितच येते.

माझं लग्न अनसिंगच्या पलीकडच्या एका खेड्यात झालं. १९९७ साली मोटारसायकलच्या अपघातात नवरा गेला. मुलगी सात वर्षांची होती, मुलगा दोनाचा. दोन वर्षं मी सासरीच काढली. मी बी. ए., बी. एड. होते, वाशीमच्या एका शाळेत इतिहास-मराठीची जागा निघाली, अर्ज केला आणि १९९९च्या जूनमध्ये रुजू झाले. सासरचे लोक वाईट नव्हते. दीर म्हणाले, "वयनी, लेकरं इथंच राहू द्या. तुम्ही शनवारी येत जा." त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मुलं सोडून नोकरीला जायचं मला जमलं नसतं.

वाशीम तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं होतं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणतात खरा, पण हा तसा जुनाच मान परत आलेला. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात बासीम नावाचा जिल्हा होता; १९०५ साली तो मोडला. बासीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळकडे गेला. कचेऱ्या गेल्या की गावाचा बाजार उतरतो, हे वाशीमकरांनी जवळजवळ शंभर वर्षं पाहिलं. १९९८ नंतर उलटं झालं. साहेब आले, बाबू आले, शिपाई आले. सगळ्यांना घरं हवी होती. शेतांचे लेआउट पडले, मुरमाचे रस्ते झाले, चुन्याच्या रेघा आखून प्लॉट विकले गेले. भाडी वाढली. आणि घरमालक भाडेकरू निवडायला लागले.

निवडीत मी शेवटी होते. पहिल्या घरी विचारलं, "मालक कुठं असतात?" मी सांगितलं. त्या बाई हळहळल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "खोली आमच्या भाच्यासाठी ठेवली आहे." दुसरीकडे आडनाव विचारलं, त्यानंतर काही विचारलं नाही. तिसरीकडे तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. चौथ्या घरी खोली मिळाली, ती लेआउटच्या अगदी टोकाला. नवं बांधकाम, स्वतंत्र जिना, हवा भरपूर. मला ती फारच आवडली होती. गावात चोवीस तास चार बायकांच्या नजरेखाली राहिलेल्या मला वाटलं, आता कोणी विचारणार नाही की दिवा इतका वेळ का जळतोय.

इथं मी थोडी शंभर वर्षं मागं जाते. कारण माझ्यापेक्षा फार मोठ्या बायांना हेच अनुभव आले आहेत, आणि त्यांनी जागा कशा निवडल्या ते पाहण्यासारखं आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई आसामातल्या सिल्चरहून पुण्याला आल्या. वय चोवीस. पती बिपिनबिहारी मेधावी त्याच वर्षी पटकीनं गेले होते. कडेवर लहानगी मनोरमा. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊही गेलेला. संस्कृतातली त्यांची कीर्ती मोठी, पण कीर्तीनं लेकरू सांभाळलं जात नाही. पुणंच का? कारण तिथं ओळखणारी, बोलावणारी माणसं होती, रानडे होते, प्रार्थना समाजाची मंडळी होती. रमाबाई रानडे यांच्यासोबत त्या मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी शिकल्या. आर्य महिला समाज त्याच वर्षी निघाला. गाव निवडताना त्यांनी पाहिली ती माणसं, असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं नेमका उलटा पेच पडला. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात, आणि मनोरमा बराच काळ वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे. मुलीला कोणी काय शिकवावं यावरून त्या भगिनींशी त्यांचे चांगलेच खटके उडाले. ती पत्रं आज छापलेली आहेत. लेकराला सांभाळायला कोणी मिळालं, तर ते कोणाच्या अटींवर, हा प्रश्न रमाबाईंनी तिथं पुरता भोगला.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि घर एकत्र. पहिल्या दोन विद्यार्थिनींत एक गोदूबाई, बालविधवा. पण मुंबईचा खर्च पेलेना. दीड वर्षानं, १८९०च्या नोव्हेंबरमध्ये सदन पुण्याला हललं. तिथं १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठलं आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर, हा आजचा विषय नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या गाठोडं बांधून पुन्हा सासरी-माहेरी निघालेल्या मुली.

रमाबाईंची तिसरी जागा केडगावची. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे लहान गाव. तिथं त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती, सदनाला पुढंमागं उत्पन्न व्हावं म्हणून. १८९६-९७चा दुष्काळ पडला, मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ मुली आणि विधवा आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग. प्लेगच्या बंदोबस्तात इतक्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं आणि सगळा मेळा केडगावच्या शेतात तंबू-झोपड्यांत गेला. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. नकाशा समोर ठेवून पाहा: गिरगाव, मग पुणं, मग केडगाव. दर वेळी एक पाऊल शहराबाहेर. मात्र रेल्वे त्यांनी सोडली नाही. रात्री-अपरात्री येणारी बाई स्टेशनवर उतरून चालत पोचू शकेल अशी ती जागा होती, आणि शहराबाहेर जाण्यात त्यांनी एवढं एक सांभाळलं होतं.

गोदूबाईंचं पुढं काय झालं ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. १८९१ साली धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. म्हणजे काही काळ कर्वेही एकटे पालकच होते, फक्त पुरुष असल्यानं त्यांना कोणी खोली नाकारली असेल असं वाटत नाही. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला. बहिष्कार काय असतो हे अंगावर घेतल्यावर १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी जमवली. आश्रम आधी पुण्यातच होता. पण शहरात प्लेग होता, आणि शहराच्या मध्यावर विधवा एकत्र राहून शिकतात हे सोसणारी माणसंही थोडी होती. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. १९०० साली आश्रम तिथं गेला.

हिंगणं तेव्हा रान होतं. पुण्यापासून चारेक मैल, पावसाळ्यात चिखल. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी सामान घेऊन चालत हिंगण्याला जायचे, बायांना शिकवायचे आणि सकाळी परत यायचे. पार्वतीबाई आठवले त्या आश्रमाच्या आधारस्तंभ. गोदूबाईंची बहीण, तरुणपणी विधवा, पदरात एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्याला आल्या आणि शिक्षण सुरू केलं. पुढं आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या गावोगाव हिंडल्या. १९१८ साली अमेरिकेला गेल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ साली निघालं. शिकायला निघालेल्या आईनं मुलाला घेऊन कुठं जायचं, हा त्यांचाही प्रश्न होता, आणि त्यांचं उत्तर होतं बहिणीचं घर. एकट्या आईच्या पहिल्या मुक्कामाचा पत्ता फार वेळा बहिणीचाच असतो.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. हिंगण्याचा आश्रम आरंभी उच्चवर्णीय विधवांसाठीच होता. आमच्या वऱ्हाडातल्या शेतकरी घरांतली गोष्ट निराळी होती. बहुतेक जातींत पाट लागायचा, विधवेचं दुसरं घर व्हायचं. पुण्यामुंबईचे सुधारक ज्यासाठी भांडत होते ते इथं रूढीनंच मिळत होतं, असं वरवर पाहता वाटतं. पण पाट लावून गेलेल्या बाईची पहिल्या घरची मुलं बहुधा त्या घरीच राहत, आणि जमीन तर राहतच राहत. १८५६च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानंही पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढूनच घेतला होता. म्हणजे तिला नवरा मिळे, लेकरं जात. लेकरं ठेवायची तर त्याच घरात, दिराच्या हाताखाली राहायचं. तिसरी वाट, म्हणजे मुलांना घेऊन वेगळ्या गावात स्वतःचं बिऱ्हाड करायचं, ही नोकरी करणारी बाई झाल्यावरच आली. माझ्या दिरांनी सुचवलेली व्यवस्था ही ती जुनीच रीत होती. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. त्यांनी वेगळं काही पाहिलंच नव्हतं.

आता पुन्हा त्या लेआउटच्या खोलीकडे.

जुलै-ऑगस्टचे दिवस होते. शाळेत बैठक लांबली. आभाळ भरून आलं, दिवे गेले, आणि मी निघाले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. मुलांना बाहेरून कुलूप लावायची माझी पद्धत होती. आज ते लिहितानाही हात थांबतो, पण तेव्हा मला तेच सुरक्षित वाटायचं. चिखलात चप्पल तुटली, अनवाणी पोचले. कुलूप काढलं तर खोलीत धूर. मुलीनं मेणबत्ती लावून भावाजवळ ठेवली होती. ती गोधडीवर पडली. नऊ वर्षांच्या पोरीनं माठातलं सगळं पाणी गोधडीवर ओतलं होतं आणि भावाला घेऊन मोरीत बसली होती. मुलाच्या हाताला चटका बसला होता, तेवढंच. मी विचारलं, "आवाज का नाही दिला?" ती म्हणाली, "दिला ना. खूप दिला."

सगळ्यात जवळचं घर दोन रिकाम्या प्लॉटांच्या पलीकडे होतं. पावसात कोणाला ऐकू येणार?

पंधरा दिवसांत मी ती हवेशीर खोली सोडली आणि बालाजी मंदिराच्या बाजूच्या जुन्या वस्तीत गेले. भवानी काळू या भोसल्यांच्या दिवाणानं अठराव्या शतकात बांधलेलं हे मंदिर. त्याच्याभोवतीचं गाव अजूनही जुन्या वळणाचं. दोन खोल्या माडीवर. खाली घरमालकीण, आम्ही सगळे तिला माय म्हणत असू. ती स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी विधवा झालेली. जिना तिच्या ओसरीतून वर जायचा. म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिच्या डोळ्यांखालून. लेआउटमध्ये ज्या स्वतंत्र जिन्यावर मी भाळले होते त्याच्या अगदी उलट. मी किल्लीबद्दल विचारलं तर माय म्हणाली, "कायची किल्ली वं? लेकराले कुलपात ठेवते का कोनी? मी हाओ ना इथं."

माझ्या मुलांना ती पहिली संध्याकाळ अजून आठवते. मायनं त्यांना भाकरी आणि ठेचा दिला, मुलगा तिखटानं रडला आणि शेजारच्या तीन घरांतून गूळ आला.

त्या वस्तीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागे, आणि एक भाडं पैशांशिवायचंही होतं. हळदीकुंकवाला मला बोलावणं नसे. मुलीला घेऊन जात आणि मला दारातच "बसा हं बाई" म्हणत. उशीर झाला की कुठून आले ते सांगावं लागे. शाळेतल्या एका सरांनी पेपरांचा गठ्ठा घरी आणून दिला, त्यावर आठवडाभर कुजबुज झाली. रडू यायचं. पण मुलीला ताप आला तेव्हा रात्री दोन वाजता डॉक्टरांकडे जाताना मुलाला कोणाकडे ठेवू, असा प्रश्न मला पडला नाही. पुढं नव्या भाडेकरू बायांशी बोलताना मी हे दोन्ही सांगत आले आहे. जुन्या वस्तीत नजर असते. नव्या वस्तीत ती नसते. मुलं लहान असताना मला तरी नजर परवडली.

शाळेच्या फॉर्मवर तेव्हा वडिलांचं नाव आधी लागे. गंमत म्हणजे मी वाशीमला आले त्याच १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं होतं की, आईसुद्धा मुलाची नैसर्गिक पालक आहे, वडील गेल्यावरच नव्हे, ते हयात असतानाही. हा निकाल आमच्या लिपिकापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, हे वाचलं तेव्हा मला ते फॉर्म आठवले.

२००८ साली मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. मी तिला सोडायला गेले. रिक्षावाला म्हणाला, "कर्वेनगर ना?" आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. हिंगणं! चार मैल चिखल तुडवत अण्णासाहेब कर्वे जिथं जायचे ते हे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती, दुकानं, क्लासच्या पाट्या, वसतिगृहं. ज्या जागी शहरानं विधवांना राहायला पाठवलं, ती आता पुण्यातली चांगली वस्ती झाली आहे, तिचं नावही त्यांच्या संस्थापकावरून पडलं आहे, आणि भाड्याच्या खोल्यांचे दर मला परवडणारे नव्हते. वाशीममध्ये सिव्हिल लाइन आहे. ती साहेबांसाठी आखली गेली. असं उपनगर समजायला सोपं असतं. हिंगण्यासारखं उपनगर मात्र, शहरात जागा न मिळालेल्यांनी वसवलेलं असतं, आणि नंतर आलेल्यांना ते कोणी सांगत नाही. रिक्षातून उतरताना मी मुलीला सांगायला लागले, ती म्हणाली, "आई, आधी सामान."

मुलं मोठी झाल्यावर मी पुसद नाक्याकडे लहानसं घर बांधलं. पुसद नाकाच का, असं सगळे विचारतात. कारण अनसिंगकडे जाणारी एस. टी. तिकडून जाते. सासरच्या शेतात माझ्या आणि मुलांच्या नावचा हिस्सा आहे. सातबाऱ्यावर नाव लागायला सहा वर्षं गेली. नाव लागलं तरी पेरणीच्या वेळी बांधावर उभं राहावं लागतं, नाहीतर बांध सरकतो. गाव सोडलेल्या बाईला हे कळायला थोडा उशीर होतो. पुढं माझ्या लक्षात आलं की, असं करणारी मी एकटी नाही. रिसोडकडच्या बाया त्या रस्त्याच्या बाजूला खोली पाहतात, मंगरूळकडच्या त्या बाजूला. शहरात राहायचं, पण गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या थांब्यापाशी.

त्या बायांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढली. २००६च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्ध्याबरोबर आमचा वाशीमही होता. मरणाऱ्यांचे आकडे पेपरात यायचे. मागं राहिलेल्या बायका आमच्या शाळेत यायच्या, मुलाचा दाखला घेऊन. पात्र ठरलेल्या कुटुंबाला सरकारची एक लाखाची मदत, त्यातली मोठी रक्कम ठेवीत. त्या पैशावर कर्ज देणाऱ्याचा डोळा, नातेवाइकांचा डोळा. बाई म्हणायची, "म्याडम, इथं कुठं खोली भेटन का?" मला नोकरी होती, पगार होता, तरी चार घरं फिरावी लागली. या बायांना धुणीभांडी, शिवणकाम, नाहीतर शाळेतला पोषण आहार शिजवायचं काम. त्यांच्यासाठी ना कोणी सहा एकर दिले, ना कोणी झोपडीला साडेसातशे. आश्रमांचे दिवस गेले, आणि प्रत्येकीनं आपलं हिंगणं आपणच शोधायचं असं होऊन बसलं. सरकारी योजनेत शिलाई मशीन असतं, शेळी असते. भाड्याच्या खोलीसाठी जामीन राहणारा माणूस नसतो. मी काही जणींना जामीन राहिले. एका प्रसंगी पैसे भरावे लागले, तेही सांगते. राग आला होता. नंतर कळलं, ती मुलाच्या दहावीची परीक्षा होईपर्यंत कशीबशी थांबली होती आणि मग माहेरी परत गेली.

आता माझी मुलं बाहेरगावी आहेत. वरची खोली रिकामी असते. मागच्या जूनमध्ये एक तिशीतली बाई आली, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. अनसिंगच्या बाजूचीच. नवऱ्याबद्दल मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. एका दवाखान्यात पाळीनं काम होतं, कधी दिवसा, कधी रात्री. नळाला पाणी किती वाजता येतं, ते तिनं विचारलं. शाळा किती लांब, वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, शेवटची एस. टी. किती वाजता, हेही विचारलं. भाड्याचं अजून निघालंच नव्हतं. मग तिनं मान वर करून घराकडे पाहिलं.

"खोलीचा जिना बाहेरून हाय का, घरातून?"

"घरातून. माझ्या पडवीतून जावं लागतं."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून पडवीत ठेवलं.